झाकणारा आणि दाखवणारी

झाकणारा : मुंबईत कॅमेरा घेऊन फिरायचं, तर आपल्याकडे कॅमेरा आहे हे कुणाला कळता कामा नये. वीस वर्षं मी हा नियम पाळतोय. कॅमेऱ्यासोबत मिळालेली पिशवी मी पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकतो. तिच्यावर कंपनीचं नाव एवढ्या ठसठशीत अक्षरांत असतं, की आत काय आहे याची ती पाटीच. माझ्याकडे साधी शबनम पिशवी आहे. तळाला जुन्या चादरीच्या चार घड्या, त्यावर पंच्यात गुंडाळलेला कॅमेरा, त्याला ३५ मिलिमीटरची छोटी लेन्स. दुसरी लेन्स जाड पायमोज्यात, आणि सगळ्यात वर वर्तमानपत्र. शबनमला तोंडाशी काही नसतं, म्हणून शिंप्याकडून चेन बसवून घेतली. महिन्यातून एकदा त्या चेनवर मेणबत्ती घासतो. मग खाऱ्या हवेने ती अडकत नाही आणि उघडताना आवाजही होत नाही. कॅमेऱ्यावरच्या नावावर काळी चिकटपट्टी, आणि मोठ्या अक्षरांच्या पट्ट्याऐवजी साधा काळा पट्टा. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. पण चांगला कॅमेरा आणि दोन बऱ्या लेन्स घेतल्या, की खर्च सहज दोन-तीन लाखांच्या घरात जातो. लग्नाचे फोटो काढणारा मुलगा हे सगळं हप्त्यांवर घेतो. कॅमेरा गेला तर त्याचं काम त्याच दिवशी थांबतं, हप्ते मात्र थांबत नाहीत. रिक्षावाला रिक्षा जपतो तसंच हे जपणं आहे.

दाखवणारी : दादा, जपण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तुम्ही कुणापासून जपताय, एवढंच विचारते. विरारच्या गाडीत तुम्हाला खेटून पन्नास माणसं उभी असतात. त्यांतला चोर कोण हे माहीत नसतं, म्हणून तुम्ही पन्नासही जणांवर नजर ठेवता. सुटत्या गाडीत हात देऊन ज्याने तुम्हाला आत ओढून घेतलं, त्याच्यावरही. अशा नजरेने शहर बघण्याची सवय लागली, की फोटोतही ती उतरते. दुसरं म्हणजे, गेलेल्या कॅमेऱ्यांच्या जेवढ्या हकीकती मी ऐकल्या, त्यांत अंगावरून हिसकावलेले फार थोडे. एक हॉटेलात खुर्चीच्या पाठीला लटकत राहिला. एक टॅक्सीच्या मागच्या सीटवर राहिला आणि टॅक्सी निघून गेली. एक लग्नात जेवायला बसताना स्टेजमागे ठेवला होता. एक बंद गाडीत, काचेतून दिसेल असा. सगळीकडे तेच झालं, कॅमेरा अंगावेगळा झाला. म्हणून माझ्या दृष्टीने कॅमेऱ्याची सगळ्यात सुरक्षित जागा हातात, पट्टा मनगटाला दोन वेढे घेऊन. पिशवीत झाकलेली वस्तू माणूस विसरतो, हातात धरलेली विसरत नाही. आणि पंच्यात गुंडाळलेल्या कॅमेऱ्याने फोटो कसा निघणार? तुम्ही गाठ सोडेपर्यंत समोरचं निघून गेलेलं असतं.

झाकणारा : अंगावेगळा करू नये, हे शंभर टक्के मान्य. पण हातात धरला म्हणजे सुरक्षित, हे तू लोकलच्या दारात उभी राहून म्हणून बघ. रुळांच्या कडेला, गाडी जिथे हळू होते तिथे, फटका टोळीतली पोरं काठी घेऊन उभी असतात. दारातल्या माणसाच्या हातावर काठी बसते आणि मोबाइल खाली पडतो. मोबाइल जातो तो जातोच, पण तोल जाऊन माणसं खाली पडली आहेत, कायमची अधू झाली आहेत. मोबाइलच्या जागी कॅमेरा असता आणि पट्टा मनगटाला दोन वेढे असता, तर काय झालं असतं? किंवा अनंत चतुर्दशीला लालबागला ये. दोन्ही हात वर, डोळा कॅमेऱ्याला, चारी बाजूंनी रेटा, आणि कमरेच्या पिशवीत कुणाचा हात गेला हे कळायला जागा नाही. वरून गुलाल उधळलेला. तिथे लेन्स बदलायला गेलीस, तर ती बारीक पूड थेट कॅमेऱ्याच्या पोटात जाते.

म्हणून मी प्रवास आणि काम वेगळं ठेवतो. प्रवासात पिशवी छातीशी, चेन अंगाकडे. बसायला जागा मिळाली तर पट्टा पायात अडकवलेला. वरच्या रॅकवर कधीच नाही. कामाच्या जागी पोचलो, की भिंतीला पाठ लावून मगच उघडायची. भरलेलं कार्ड कॅमेऱ्यात ठेवायचं नाही, ते शर्टाच्या आतल्या खिशात. कॅमेरा पुन्हा घेता येतो, त्या दिवशीचा उजेड पुन्हा मिळत नाही. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि बिल स्वतःलाच मेल करून ठेवलेलं बरं. घराच्या विम्यात बाहेर नेलेला कॅमेरा आपोआप येतो असं समजू नये. कागद नीट वाचावेत, कारण लक्ष न ठेवता सोडलेल्या वस्तूची भरपाई बहुतेक ठिकाणी नाकारतात. गाडीत किंवा फलाटावर गेला, तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे. हद्दीचा वाद निघाला तर शून्य एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आणि १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम दिलं आहे. कायद्यालाही हा धोका साध्या चोरीपेक्षा वेगळा वाटला, तर मी तो मानला यात काय चुकलं?

दाखवणारी : धोका खरा आहे, चुकलं काहीच नाही. पण झाकण्याचीही किंमत असते, ती तुम्ही धरत नाही. तुमची ती ५० मिलिमीटरची लेन्स आठवा. वर्षभर पायमोज्यात, पायमोजा पिशवीत, पिशवी कपाटात. जुलैत बाहेर काढून मोबाइलचा टॉर्च मागून लावला, तेव्हा काचेच्या कडेपासून आत सरकलेले पांढरे धागे दिसले. कोळ्याच्या पिलाने विणावेत इतके बारीक. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीला हवं ते सगळं तुम्हीच पुरवलं होतं, अंधार, दमट कापड आणि कोंडलेली हवा. चोराने ती लेन्स नेली नाही, तरी ती गेलीच.

झाकणारा : ती चूक माझीच. आता घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. दाणे रंग बदलायला लागले की पुड्या तापवून कोरड्या करतो. पिशवी फक्त वाटेपुरती.

दाखवणारी : घरातलं झालं. आता रस्त्यावरची किंमत सांगते. मेट्रोच्या दारात पिशवी यंत्रातून जाते. पडद्यावर काय दिसतं? कापडात गुंडाळलेली, चादरीच्या घडीत दडवलेली काचेची नि धातूची जड वस्तू. सुरक्षारक्षक पिशवी बाजूला घेतो, रांग थांबते, चारचौघांत पंचा सोडावा लागतो. ज्यांच्यापासून झाकला त्या सगळ्यांसमोर तो उघडतो, आणि वर लपवल्याचा संशय तुमच्यावर. २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यानंतर या शहराने पिशव्यांकडे बघण्याची रीत बदलली. गळ्यात उघडा कॅमेरा असलेल्या माणसाला लोक फोटोवाला म्हणतात. पंच्यातून कॅमेरा काढणाऱ्याला आधी ‘कशाला?’ असं विचारतात.

आणि बाई म्हणून एक सांगते, ते तुमच्या हिशेबात कधी येणारच नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं २०११चं ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक मुंबईबद्दलच आहे. बाई रस्त्यावर विनाकारण उभी राहू शकत नाही, तिला काहीतरी काम असावं लागतं. नाक्यावर मी नुसती दहा मिनिटं थांबले तर तीन जण विचारतात, ताई, कुणाची वाट बघताय का? कॅमेरा हातात असला की विचारत नाहीत. मी उभी का आहे, हे कॅमेरा सांगतो. तुमच्यासाठी तो झाकायची संपत्ती असेल, माझ्यासाठी ती रस्त्यावर उभं राहण्याची परवानगी आहे. ती पंच्यात गुंडाळून मी जाऊ कुठे?

झाकणारा : हे मला खरंच सुचलं नव्हतं. मी अंगावर मौल्यवान काही दिसू नये म्हणून धडपडतो, आणि तुला तेच दिसलं तर जागा मिळते. पण होमाई व्यारावाला आठव. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. मोठा कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काम केलं त्यांनी. तरी सुरुवातीच्या काळात त्यांचे फोटो छापून आले ते पतीच्या नावाने. कॅमेरा उघडा होता, नाव झाकलेलं होतं. म्हणजे काहीतरी झाकल्याशिवाय हे काम झालेलंच नाही.

फोटोग्राफीचा इतिहासही माझ्या बाजूने आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७च्या अखेरीस भारतात आले, ३० जानेवारी १९४८ला गांधीजींना भेटले, आणि त्याच संध्याकाळी गांधीजी गेले. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे केलेले असत. ऊन चमकून कुणाचं लक्ष जाऊ नये, एवढाच हेतू. वॉकर इव्हान्स तर १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कॅमेरा ओव्हरकोटाखाली बांधून बसत. लेन्स दोन गुंड्यांमधून डोकावे, आणि कळ दाबण्याची तार बाहीतून हातात आलेली. समोरच्या बाकावरची माणसं आपल्याच विचारांत. असे निवांत, स्वतःशीच असलेले चेहरे उघड्या कॅमेऱ्याला कधी मिळाले असते का? चिकटपट्टी चोरासाठी लावली म्हण किंवा चित्रासाठी, फायदा दोन्हीकडे आहे.

दाखवणारी : दोन्हीकडे फायदा आहे, हेच मला खटकतं. पट्टी एकच असते, पण तिच्याआड दोन वेगळी माणसं ठेवली जातात. एक, जो तुमची वस्तू नेईल. दुसरा, ज्याचा चेहरा तुम्ही न्याल. पहिल्यापासून झाकणं हा तुमचा हक्क. दुसऱ्यापासून झाकणं हा हक्क कुणी दिला? आणि वॉकर इव्हान्सनाही तो सहज वाटला असेल असं मला वाटत नाही. ते फोटो पुस्तकरूपात आले १९६६मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

माझं स्वतःचं सांगते. दादरच्या फूलबाजारात पहाटे पाचला गेले होते. तेव्हा मीही तुमच्याचसारखी झाकत होते. पिशवी कमरेला, चेन अर्धी उघडी, लेन्स त्या फटीत. झेंडूच्या ढिगामागे एक मावशी बसल्या होत्या. रात्रभर जागलेल्या, पदर खांद्यावरून घसरलेला, हातात अर्धवट गुंफलेला हार. मी न बघता फोटो घेतला. दुसरा घेताना त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘विचारलं असतंस तर पदर नीट केला असता ना गं.’ दादा, त्यांना फोटो नको होता असं नाही. त्यांना पदर नीट करायला वेळ हवा होता, आणि तेवढाच मी चोरला होता. त्या दिवशी त्या बाजारात चोर कोण होतं?

झाकणारा : ... थांब, हे सोपं नाही. मावशींचं बरोबर आहे. पण पदर नीट केल्यावर जो फोटो निघाला असता, तो दुसऱ्याच कुणाचा असता. पाठ ताठ, ओठांवर हसू, मुलाच्या लग्नाच्या अल्बमसारखा. रात्रभर जागलेली बाई त्यात कुठे असती? पहाटे पाचला बाजारात बसण्याचा शीण जगाला दिसायला नको का?

दाखवणारी : दिसायला हवा. पण तो शीण कुणाचा आहे? दाखवायचा की पदराखाली ठेवायचा, हे ठरवणार कोण? २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सांगितलं. सार्वजनिक जागेत फोटो काढायला सरसकट बंदी नाही, हेही खरं. या दोन्हींच्या मध्ये मावशींचा पदर आहे, आणि त्याला कुठलंही कलम लागत नाही.

झाकणारा : मग मी उलट विचारतो. समज, तू उघडा कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिलीस. गळ्यात तीन लाखांची वस्तू. कोपरापर्यंत लांब पांढरी लेन्स, बंदुकीसारखी रोखलेली. त्यांची आठवड्याची कमाई त्या लेन्सच्या टोपणाला पुरणार नाही. तुला वाटतं, मी प्रामाणिक आहे, काही लपवलं नाही. त्यांना काय वाटतं? त्यांना सत्ता दिसते. त्या ‘नको’ म्हणू शकतात का? संकोचाने दिलेला होकार म्हणजे परवानगी का? माझी ३५ची छोटी लेन्स आणि काळी पट्टी त्यांच्यासमोर गाजावाजा करत नाही. गरिबाच्या दारात जाताना आपण भारी घड्याळ मिरवत नाही. माझ्या झाकण्यात चोराचं भय आहे तशी ही लाजही आहे, आणि ही लाज मला सोडायची नाही.

दाखवणारी : ही लाज मलाही हवी आहे, दादा. तुमच्या झाकण्यात ती होती, हे मला आज कळलं. म्हणजे झाकण्याचे प्रकार दोन नाहीत, तीन आहेत. चोरापासून झाकणं, माणसापासून झाकणं, आणि माणसाला ओशाळं वाटू नये म्हणून झाकणं.

झाकणारा : तीन नाही, चार. त्या २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबई मिररचे छायाचित्रकार सेबास्टियन डिसूझा छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये होते. उभ्या गाडीच्या डब्यात दडून त्यांनी हल्लेखोर कसाबचा फोटो काढला. हातात रायफल, पाठीवर पिशवी, चेहरा स्पष्ट. तो फोटो जगभर गेला आणि खटल्यात पुरावा झाला. ते दडले नसते, तर ना फोटो मिळाला असता, ना फोटो काढणारा वाचला असता. त्यांना विचारशील का, समोरच्याची परवानगी घेतली होती का?

दाखवणारी : नाही विचारणार. समोरच्याच्या हातात रायफल होती आणि यांच्या हातात कॅमेरा. बळ कुणाकडे आहे ते उघड होतं. ताकदवानापासून झाकणं हे धैर्य आहे. दुबळ्यापासून झाकणं हा फायदा उठवणं आहे. अडचण ही की रस्त्यावर दर वेळी रायफल दिसत नाही. मावशींपुढे ताकद माझी होती. रात्री साडेअकराच्या लोकलमध्ये, रिकाम्या डब्यात, पुढच्या स्टेशनवर चढलेल्या दोघांपुढे ताकद त्यांची असते. तोच कॅमेरा, तीच मी. बळाचा तराजू पाच मिनिटांत उलटा होतो.

झाकणारा : आणि लालबागच्या गर्दीत तुझ्या पिशवीत हात घालणारं पोर? ते ताकदवान की दुबळं? ज्या हाताला आपण चोराचा म्हणतो, तोच हात एरवी तुझ्या फोटोचा विषय असतो. फलाटावर झोपलेलं पोर म्हणून तू त्याचा फोटो घेशील, आणि त्याच पोराच्या भीतीने पिशवीची चेन लावशील.

दाखवणारी : हो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्यापासून झाकू, की त्याला विचारू?

झाकणारा : विचारण्याआधी झाकतो आपण. निदान मी तरी.

दाखवणारी : त्यात आता मोबाइल आला. गाडीत निम्म्या लोकांचा हात वर, डोळ्यांसमोर मोबाइल. कोण वाचतंय, कोण समोरच्याचा फोटो काढतंय, कळायला मार्ग नाही. कॅमेरा झाकायला चिकटपट्टी नको, पंचा नको. सगळ्या शहराने कॅमेरा झाकला आहे, कुणी मुद्दाम न झाकता. म्हणून वाटतं, आज गळ्यात लटकणारा खरा कॅमेरा हा गाडीतला सगळ्यात सरळ कॅमेरा आहे. तो सांगतो तरी की मी बघतोय. चोरालाही सांगतो, हे मान्य. पण मावशींनाही सांगतो.

झाकणारा : म्हणजे एकाला सांगायचं तर दुसऱ्यालाही सांगावं लागतं. एकापासून झाकायचं तर दुसऱ्यापासूनही झाकलं जातं. मी इतकी वर्षं हा प्रश्न पिशवीचा समजत होतो. शिंपी कुठला, चेन कुठे, पट्टा किती लांब. प्रश्न पिशवीचा नाहीच. पिशवी उघडण्यापासून डोळा कॅमेऱ्याला लागेपर्यंत जे दोन-तीन क्षण असतात, तेव्हा मी कुणाच्या बाजूने उभा असतो, हा प्रश्न आहे. वाटेत झाकायचं, हा माझा नियम मी सोडणार नाही. हप्ते भरणाऱ्या मुलालाही तो सोडू नको असंच सांगेन.

दाखवणारी : मीही सांगेन. रात्रीच्या गाडीत मीसुद्धा झाकते. दाखवावं म्हणते ते पोचल्यावर. पण पोचलो हे कसं ओळखायचं? दादरला उतरल्यावर? बाजारात शिरल्यावर? की मावशींनी वर पाहिल्यावर?

झाकणारा : त्यांनी वर पाहण्याआधी आपण पोचायला हवं, एवढं आज कळलं. त्यासाठी काय करावं, ते ठरत नाही.

दाखवणारी : एक विचारू? त्या चेनवर तुम्ही मेणबत्ती घासता, ती खाऱ्या हवेसाठी की आवाज होऊ नये म्हणून?

झाकणारा : सुरुवात हवेसाठीच केली होती. पावसाळ्यात दात अडकायचे. नंतर आवाज होत नाही हे लक्षात आलं, आणि ते बरं वाटलं. आता घासताना दोन्हींतलं कशासाठी घासतो, हे मला सांगता येणार नाही.

दाखवणारी : या महिन्यात घासू नका.

झाकणारा : अडकली तर?

दाखवणारी : अडकली तर तुम्ही ओढाल. आवाज होईल. कुणीतरी वर बघेल.

झाकणारा : आणि ते कुणीतरी मावशी नसून दुसरंच कुणी असलं तर?

दाखवणारी : ते मलाही माहीत नाही, दादा.